गाडीवरच्या बर्गरला गुण देताना

फलकावरचा सगळ्यात साधा बर्गर आधी मागवायचा. एक पॅटी, बन, थोडा सॉस, फार तर एक चीज स्लाइस. दोन पॅट्या, तळलेलं अंडं, तीन सॉस आणि वरून ओतलेलं चीज असा ‘स्पेशल’ नंतर. स्पेशलमध्ये इतकं काही कोंबलेलं असतं की पॅटी कोरडी आहे की बन शिळा, हे कळतच नाही. साध्या बर्गरला लपायला जागा नसते. साधा बर्गर पडला आणि स्पेशलला मात्र भरघोस गुण मिळाले, तर ते गुण बहुतेक वेळा सॉसच्या बाटलीचे असतात.

मागवण्याआधी जरा बाजूला उभं राहून बघायचं. गाडीवरचा बर्गर पाककृतीपेक्षा तव्याच्या तापमानावर ठरतो, हे आमचं ठाम मत आहे. हॉटेलच्या स्वयंपाकघरात जाडजूड भट्टी असते, गाडीवर पातळसर तवा, एकदोन बर्नर आणि चहूबाजूंनी वारा. बर्नरच्या कडेने पत्र्याचा आडोसा लावलाय का, हे म्हणूनच आधी बघायचं. आडोसा नसेल तर ज्योत एका अंगाला झुकते, तव्याचा एक कोपरा धुमसतो आणि दुसरा कोमट राहतो. चांगला गाडीवाला हे ओळखून असतो. तो कच्ची पॅटी गरम कोपऱ्यात टाकतो आणि कोमट कोपऱ्यात बन शेकतो.

तवा किती तापलाय हे विचारावं लागत नाही. पुसण्यासाठी तो पाणी शिंपडतो तेव्हा थेंबांकडे लक्ष ठेवायचं. थेंब जागच्या जागी चरचरून आटले, तर तवा शंभराच्या वर आहे, पण पुरेसा नाही. थेंबांच्या गोळ्या होऊन त्या तव्यावर सैरावैरा पळायला लागल्या, तर तो २०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलाय. थेंबाखाली वाफेचा थर तयार होतो आणि थेंब त्यावर तरंगतो, म्हणून तो पळतो. लांबून रोखायचा इन्फ्रारेड थर्मामीटर कोणी सोबत आणलाच, तर एवढं लक्षात ठेवावं की घासून चकचकीत केलेल्या स्टीलवर तो खूप कमी आकडा दाखवतो. काळवंडलेल्या, तेलकट जागेवर रोखला तर आकडा खऱ्याच्या जवळ येतो. आणि हो, आधी विचारून.

२०० ते २३० अंश का लागतात? खिम्याच्या पॅटीवर जो खमंग, तपकिरी, किंचित करपट थर येतो, तो प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि साखर यांच्यातल्या अभिक्रियेने येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मेयार यांनी १९१२ साली ती मांडली, म्हणून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिला वेग येतो साधारण १४० अंशांच्या पुढे. पण पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान शंभराच्या वर सरकत नाही. म्हणजे आधी पाणी झटक्यात उडायला हवं, आणि त्यासाठी तव्याकडे उष्णता शिलकीत हवी. बर्फाच्या पेटीतल्या सहा पॅट्या एकदम टाकल्या की ही शिल्लक संपते. पॅट्यांना पाणी सुटतं आणि त्या भाजण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात शिजायला लागतात. हे कानाला आधी कळतं. कोरडा, तीव्र चर्र आवाज अचानक बुडबुडीवर येतो. मग तयार होते ती करडी, रबरासारखी पॅटी, आणि वर कितीही मसाला भुरभुरला तरी ती सुधारत नाही.

पातळ दाबलेली पॅटी, म्हणजे स्मॅश, गाडीसाठी खरं तर फार सोयीची. ५५ ते ८५ ग्रॅमचा खिम्याचा थंड गोळा, १५ ते २० टक्के चरबी, रखरखीत तापलेला तवा. गोळा टाकल्यापासून पहिल्या अर्ध्या मिनिटात तो जड चपट्या दाबणीने दहाएक सेकंद दाबायचा आणि मग पुन्हा हात लावायचा नाही. सुरुवातीला चरबी घट्ट असते, त्यामुळे दाबलं तरी रस जात नाही. मिनिटभराने, चरबी वितळल्यावर पुन्हा दाबलं की सगळा रस तव्यावर. उलटण्याआधी जो गाडीवाला पॅटी पुन्हा पुन्हा दाबतो आणि तव्यावर धूर-आवाज उठवून गिऱ्हाईक खूश करतो, त्याच्या पॅटीच्या रसाळपणाचे दोन गुण आम्ही चाखण्याआधीच मनातून वजा करतो. बहुतेकदा चाखल्यावर ते खरंच वजा होतात.

उलटण्याची पद्धतही बघण्यासारखी. स्मॅश पॅटी तव्याला चिकटलेली असते, आणि ती तशी असायलाच हवी. तिच्याखाली खरवडणीची धारदार कड जवळजवळ आडवी धरून एका दमात सरकवली तर तपकिरी पापुद्रा पॅटीसोबत येतो. जाड कडेच्या उलथन्याने ढकलली तर पापुद्रा तव्यावरच राहतो, आणि चवीचा मोठा वाटा पुढच्या पुसण्यात जातो. उलटलेल्या पॅटीची कडा जाळीदार, कुरकुरीत आणि मधला भाग गडद तपकिरी दिसला पाहिजे. मधे करडा डाग राहिला असेल तर दाब सगळीकडे सारखा पडला नव्हता, असं समजायचं.

मीठ कधी पडतं, तेही बघायचं. खिम्यात मीठ आधीच मळून ठेवलं तर त्यातली काही प्रथिनं विरघळून एकमेकांना घट्ट धरतात. पॅटी सॉसेजसारखी चिवट, उसळणारी होते. तव्यावर टाकताना वरून टाकलेलं मीठ पुरतं. घासात फरक सहज कळतो. चांगली पॅटी दाताखाली सुटते, मळलेली पॅटी चावावी लागते.

जाड पॅटीत धोका वेगळा. ती बाहेरून काळी आणि आतून कच्ची राहू शकते. पूर्ण मांसाच्या तुकड्यात जंतू बहुतेक पृष्ठभागावर असतात, खिम्यात मात्र ते आतपर्यंत मिसळलेले असतात. त्यामुळे मध्यभाग ७१ अंशांपर्यंत जायला हवा, चिकनच्या खिम्यासाठी ७४. रंगावर विसंबता येत नाही. काही वेळा खिमा या तापमानाच्या बराच आधी तपकिरी दिसायला लागतो. टोचायचा थर्मामीटर कडेने, आडवा, मध्यापर्यंत घालायचा. वरून टोचला तर टोक आरपार जाऊन बनचं तापमान मोजतं. गाडीवर मध्यभाग कच्चा निघाला तर गुण द्यायचेच नाहीत, खाणं तिथेच थांबवायचं.

भाजीची किंवा ब्रेडचा चुरा लावलेली चिकनची पॅटी तळली जाते, आणि तिथे परीक्षा तेलाची. १७५ ते १८० अंशांच्या तेलात पॅटी पडली की आतल्या पाण्याची वाफ जोरात बाहेर येते आणि तेलाला आत शिरू देत नाही. तेल थंड असेल तर वाफेचा जोर कमी, वेळ जास्त आणि पॅटी तेलकट. खरी गंमत पुढे आहे. तेल सगळ्यात जास्त आत ओढलं जातं ते पॅटी बाहेर काढल्यावर, ती निवताना. म्हणून काढल्या काढल्या जाळीवर उभी करून निथळणारा गाडीवाला पॅट्यांचा ढीग रचणाऱ्यापेक्षा नेहमी वरचढ ठरतो. ढिगातल्या खालच्या पॅट्या वरच्यांच्या वाफेने मऊ पडतात.

आवरण सुटून आलं असेल तर कारण सहसा एकच असतं, ते म्हणजे ओल. पॅटीवर आधी कोरडं पीठ न लावता पातळ घोळात बुडवली, किंवा बर्फाचे कण चिकटलेली गोठलेली पॅटी सरळ तेलात सोडली, की मधे वाफ कोंडते आणि आवरण टोपीसारखं अलग होतं. भाजीची पॅटी फुटते ती बटाटा गरम असतानाच झाकून ठेवल्यामुळे, किंवा वाटाणा-गाजराचं पाणी न काढल्यामुळे. ते झाकायला भरमसाट ब्रेडचा चुरा घातला की पॅटी फुटत नाही, पण पिठाचा गोळा होते. आम्ही पॅटी मोडून आत बघतो. भाज्या वेगवेगळ्या ओळखू येतात का, की सगळा एकजीव पिवळसर लगदा आहे? तेल मात्र चाखण्याआधीच कळतं. गडद रंग, तळताना लवकर न विरणारा बारीक फेस आणि घशात खवखवणारा वास असेल, तर ते तेल केव्हाच बदलायला हवं होतं.

बनवर लोक फार कमी बोलतात. दहा सेंटिमीटर व्यासाच्या बनसाठी कच्ची पॅटी साधारण बारा सेंटिमीटरची थापावी लागते, कारण भाजताना ती आक्रसते आणि वजनातही जवळपास चौथा हिस्सा गमावते. हा हिशोब न केल्यामुळेच कडेचे दोन घास नुसता पाव. आमच्या काट्यावर जमलेल्या एका साध्या बर्गरची मांडणी अशी होती: बन ५८ ग्रॅम, भाजलेली पॅटी ७२, चीज २०, सॉस १५, पानं आणि टोमॅटो मिळून ३०. एकूण १९५ ग्रॅम, आणि त्यात बन तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडा कमी. बन निम्म्याच्या जवळ गेला की पॅटी कितीही चांगली असो, तोंडात पावच येतो.

बनची कापलेली बाजू लोणी लावून तव्यावर सोनेरी होईपर्यंत शेकलेली असावी. हे निव्वळ चवीसाठी नाही. शेकलेला कोरडा थर आणि लोण्यातली चरबी मिळून पॅटीचा रस काही मिनिटं थोपवून धरतात. न शेकलेल्या बनचा खालचा भाग चौथ्या-पाचव्या घासापर्यंत भिजून तुटतो. तपासायला खालचा बन बोटाने हलका दाबायचा. दबून पुन्हा वर आला तर ताजा. दबलेलाच राहिला तर ओला किंवा कच्चा, आणि कडेने भुगा पडला तर शिळा. शिळा बन वाफेने तात्पुरता मऊ करता येतो, गाडीवाले करतातही. पण निवला की तो पहिल्यापेक्षा कडक होतो. अर्धा बर्गर मुद्दाम पाच मिनिटं ठेवून दिला की हे उघड होतं.

चीजमध्ये प्रक्रिया केलेल्या स्लाइसला नाकं मुरडायची काही गरज नाही. त्यात सोडियम सायट्रेटसारखे क्षार असतात, ते चरबी आणि पाणी एकत्र धरून ठेवतात. म्हणून ती गुळगुळीत वितळते, आणि मुरवलेलं चेडार त्याच तापमानाला तेल सोडून गुठळ्या करतं. प्रश्न स्लाइस कधी ठेवली याचा. पॅटी उलटल्याबरोबर ठेवली आणि बाजूला चमचाभर पाणी टाकून वर वाटी उपडी केली, की अर्ध्या मिनिटात ती कडांवर ओघळते. बनमध्ये रचताना थंड स्लाइस वरून ठेवली तर ती घामेजते, वितळत नाही. तिचे चारही कोपरे ताठ दिसले की चीजच्या रकान्यात अर्ध्यापेक्षा जास्त गुण जाऊ शकत नाहीत.

सॉस १५ ते २० ग्रॅम पुरे. आंबट, गोड, खारट आणि स्निग्ध यांपैकी स्निग्ध आधीच पॅटीत आणि लोण्यात आहे, म्हणून सॉसकडून आंबटपणा हवा. मोहरी, व्हिनेगरमधली काकडी किंवा कांदा, काहीही चालेल. नुसतं मेयोनीज भरलेला बर्गर तिसऱ्या घासाला कंटाळवाणा होतो, त्याचं हेच कारण. पानं टोमॅटोच्या खाली आणि कोरडी हवीत. धुतलेली पानं न झटकता घातली की सगळा सॉस पातळ होऊन कोपरापर्यंत येतो. टोमॅटोची चकती पाच मिलिमीटरच्या आसपास. त्याहून जाड असली की पहिल्या घासाला पॅटीसकट मागून निसटते.

आता चाखण्याची रीत. बर्गर हातात आल्यापासून पहिला घास दोन मिनिटांच्या आत, आणि गुण लिहून होईपर्यंत दहा मिनिटांच्या वर जायचं नाही. फोटोसाठी वळवून वळवून थंड केलेल्या बर्गरला कोरडा म्हणणं गाडीवाल्यावर अन्याय आहे. दातेरी सुरीने मधोमध कापायचा, न दाबता, करवतीसारखं ओढत. काप बघून थरांची नोंद करायची आणि मग चौघांत वाटायचा. पहिला घास कडेचा, दुसरा मधला. तिसऱ्यांदा नुसती पॅटी आणि नुसता बन वेगवेगळा चाखायचा. वेगळी पॅटी चाखल्याशिवाय तिच्यात मीठ आहे की सॉसमध्ये, हे सांगता येत नाही.

चौघांनी गुण लिहून होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. एकाने ‘वा!’ म्हटलं की उरलेल्या तिघांचे आकडे वर सरकतात. एकामागून एक बर्गर चाखायचे असतील तर पहिल्याला हमखास जास्त गुण जातात, कारण भूक आणि उत्सुकता दोन्ही त्याच्या वाट्याला येतात. म्हणून प्रत्येकाने वेगळ्या क्रमाने चाखायचं. मधे पाणी आणि मीठ नसलेल्या बिस्किटाचा तुकडा. तिखट बर्गर सगळ्यात शेवटी, त्याला इलाज नाही. तिखटाचा दाह चरबीत विरघळतो, पाण्यात नाही, त्यामुळे पाणी पिऊन जीभ पुन्हा कोरी होत नाही. तीनच्या पुढे चौथा बर्गर एका बैठकीत नको. पोट भरल्यावर दिलेले गुण पोटाचे असतात.

अन्नपदार्थ चाखणाऱ्या प्रयोगशाळांत ‘अतिशय आवडलं’ ते ‘अजिबात आवडलं नाही’ अशी नऊ पायऱ्यांची मोजपट्टी फार वापरली जाते. ती आवड मोजायला उत्तम, पण बिघडलं कुठे ते सांगत नाही. आमची वाटणी शंभरात अशी: पॅटी ४०, बन २०, सॉस आणि भाज्या १५, चीज १०, हातात धरून खाण्याची सोय १५. चीज नसलेल्या बर्गरला ९० पैकी मोजून शंभरावर आणायचं. प्रत्येक रकान्यात निम्मे गुण म्हणजे ‘ठीक, तक्रार नाही’. हे एकदा ठरवून पाळलं नाही तर सगळेच बर्गर सत्तर ते ऐंशीच्या मधे गर्दी करतात आणि आकड्याला अर्थ उरत नाही.

बेरजेला एक अट मात्र हवीच. पॅटीला ४० पैकी २० पेक्षा कमी पडले तर एकूण गुण ५० च्या वर जाऊ द्यायचे नाहीत. नाहीतर सुरेख बन, झकास सॉस आणि रबराची पॅटी असा बर्गर आरामात ६५ मिळवतो, आणि ते बघून जाणारा माणूस आपल्याला शिव्या घालतो. स्वच्छता गुणांत धरायची नाही. ती पास किंवा नापास. कच्च्या खिम्याचा चिमटा किंवा उलथनं भाजलेल्या पॅटीला लागणं, नोटा हाताळलेल्या हातानेच बन उघडणं, मेयोनीजचं भांडं उन्हात उघडं असणं, यांतलं एक जरी दिसलं तरी नापास. मेयोनीज, खिमा, कापलेला टोमॅटो हे सगळं ५ अंशांच्या खाली किंवा ६० च्या वर राहायला हवं. मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. बर्फाची पेटी आहे पण तिच्यात बर्फच नाही, हे गाडीवर नेहमी दिसणारं दृश्य. झाकण उघडतं तेव्हा डोकावून घ्यायचं.

एका भेटीचा आकडा कच्चाच समजायचा. दुसरी भेट ऐन गर्दीत, शक्यतो वेगळ्या वारी. गर्दीत तव्याला पुन्हा तापायला वेळ मिळत नाही, बन शेकणं वगळलं जातं आणि पॅट्या आधीच भाजून कोमट कोपऱ्यात रचल्या जातात. रिकाम्या वेळी ८० मिळवणारी गाडी गर्दीत ५५ वर आली तर खरा आकडा दोन्हींची सरासरी नाही. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहायचे, म्हणजे वाचणाऱ्याला कधी जायचं ते कळतं. काही गाड्यांचं उलटंही होतं. गर्दीत माल खपतो, तेल-बन ताजे राहतात, आणि सकाळच्या मरगळीपेक्षा संध्याकाळचा बर्गर उजवा निघतो.

पार्सलचे गुण मात्र वेगळ्या रकान्यात. फॉइलमध्ये गच्च गुंडाळलेला बर्गर पंधरा मिनिटांत स्वतःच्या वाफेने भिजतो. कुरकुरीत पॅटी, शेकलेला बन, सगळं सारखंच मऊ होतं. मेणकागदात सैल गुंडाळून वर भोकं असलेल्या डब्यात दिला तर बराच तग धरतो, आणि सॉस वेगळ्या डबीत मागितला तर आणखी. तळलेल्या पॅटीच्या बर्गरला पार्सलमध्ये साधारण जितका तोटा होतो, तितका स्मॅशला होत नाही, कारण स्मॅशची चव कुरकुरीतपणावरच अवलंबून नसते. घरी आणलेला बर्गर अख्खा गरम करू नये. पानं-टोमॅटो काढून ठेवायचे, पॅटी झाकणाशिवाय कोरड्या तव्यावर आणि बन फक्त कापलेल्या बाजूने अर्धा मिनिट.